साहेबापुढील जबानी

कंपनी सरकारच्या अमदानीत एखाद्या इसमाची जबानी घ्यावयाची झाली म्हणजे त्या जबानीला निदान तीन वेळा तरी अंगरखा बदलावा लागे. इसम बोले तो आपल्या गावच्या बोलीत, अडखळत, मागचे पुढे करीत. मुनशी ते ऐकून घेऊन दफ्तराच्या फारसी वळणात बसवी. आणि मग त्याचे इंग्रजी होऊन ते साहेबाच्या सहीने वरिष्ठांकडे रवाना होई. या प्रवासात मूळच्या बोलण्यातील हुंदका, खाकरणे, खरे आणि खोटे यांपैकी काय टिकत असेल ते टिको. पण प्रत्येक मुक्कामावर एक गोष्ट नव्याने भरीला पडे, ती म्हणजे ऐकणाऱ्याची अपेक्षा. जबानी देणारा जे सांगे ते प्रश्नाच्या धोरणाने सांगे, आणि प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर पुष्कळदा आधीच मनाशी ठरविलेले असे. इंग्रजी कादंबरीने पूर्वेकडील देशांचे जे चित्र दीडदोनशे वर्षे रंगविले त्याचा विचार करू लागलो की मला वारंवार या कचेरीची आठवण होते. कारण निदान आपल्या दख्खनविषयी इंग्रजांनी लिहिलेल्या कादंबऱ्या तरी निव्वळ कल्पनाविलासातून नव्हे, तर कचेरीच्या जाजमावर जन्मलेल्या आहेत.

या चित्राला हल्ली ज्या नावाने दूषण देतात, ते नाव एके काळी भूषणाचे होते, हे पुणेकरास तरी सांगावयास नको. १९१७ साली रामकृष्णपंत भांडारकरांच्या नावाने जी संस्था येथे उभी राहिली तिच्या नावातच ‘प्राच्यविद्या’ हा शब्द आहे, आणि त्या शब्दाचा उच्चार आपण पोथ्यांचा वास घेतल्यासारखा आदराने करीत आलो. १९७८ साली एडवर्ड सईद यांनी त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द आपल्या ग्रंथास देऊन असे प्रतिपादन केले की, पूर्वेविषयीचे पाश्चात्त्यांचे ज्ञान हे पूर्वेवरील त्यांच्या सत्तेपासून वेगळे काढता येत नाही. आणि तेव्हापासून हा शब्द आरोपपत्रातला झाला. तो आरोप मला स्थूलमानाने मान्य आहे. परंतु आरोप शाबीत झाला म्हणून कागदपत्रे वाचण्याचे काम संपते असे नाही, आणि या कागदपत्रांत काही इतकी रसाळ आहेत की ती वाचताना फिर्यादीचाही जीव क्षणभर रमतो.

आरंभी इंग्रजांचे हे पूर्वप्रेम अगदी दूरचे होते. गालाँ नावाच्या फ्रेंच पंडिताने १७०४ पासून अरबी रात्रींच्या कथा आपल्या भाषेत आणल्या, थोड्याच वर्षांत त्या इंग्रजीत उतरल्या, आणि शतकभर इंग्लंडात सुलतान, हबशी पहारेकरी व जिनी यांचा सुकाळ झाला. बेकफर्डने आपले ‘वाथेक’ फ्रेंचमध्ये लिहिले आणि ते १७८६ साली इंग्रजीत आले ते विद्वत्ताप्रचुर टिपांचे शेपूट लावूनच. जॉन्सनने मातेच्या अंत्यविधीचा खर्च भागविण्यासाठी आठवडाभराच्या संध्याकाळी बसून ‘रासेलस’ हातावेगळे केले, असे बॉस्वेल सांगतो. १७५९ साली ते छापून निघाले. त्यातील राजपुत्र आबिसिनियाचा म्हणावयाचा, पण बोलतो मात्र थेट लंडनच्या कॉफीगृहातील पंतोजीसारखा. गंमत अशी की, हाच राजपुत्र पुढे सदाशिव पेठेत वास्तव्यास आला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याचे मराठी करावयास घेतले, ते अपुरे राहिले, आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे करून १८७३ साली प्रसिद्ध केले. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ याही कृष्णशास्त्र्यांनीच मराठीत आणल्या, त्या इंग्रजीच्या द्वारे. म्हणजे बगदाद आपल्याला मुंबईच्या बंदरापलीकडे असूनही लंडनचा वळसा घालून भेटले. या वळशाचा राग यावा की कौतुक वाटावे, हे मला अजून उमगलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र पूर्वेत राहून आलेली माणसे लेखणी हाती घेऊ लागली. जेम्स मोरिएर हा वकिलातीबरोबर इराणात राहिला होता. त्याचा ‘हाजी बाबा’ १८२४ साली बाहेर पडला आणि इराणी माणूस म्हणजे लबाड, बढाईखोर व हजरजबाबी न्हावी, असे इंग्रज वाचकाच्या मनावर कायमचे कोरले गेले. मोरिएरची एक युक्ती मोठी पाहण्यासारखी आहे. फारसीतील वाक्प्रचार तो अर्थाने न आणता अक्षरशः आणतो. त्याची पात्रे भीती वाटली असे म्हणत नाहीत, काळजाचे पाणी झाले म्हणतात. अपमान गिळला म्हणत नाहीत, माती खाल्ली म्हणतात. इंग्रज वाचकास ही भाषा अद्भुत वाटे, जणू त्या देशात माणसे खरोखरच माती खातात. आता मराठी वाचकाने हेच पान उघडावे: त्याला त्यात काडीचेही नवल वाटणार नाही, कारण काळजाचे पाणी आपल्याकडे रोज होते आणि माती तर आपण उठल्याबसल्या खातो. ज्याला तिकडे पौर्वात्य रंग म्हणतात, तो इकडे ओसरीवरच्या बोलण्यातला नेहमीचा रंग आहे; त्याचा भडकपणा भाषांतराच्या हाताने आलेला आहे. आणि इराणी लोकांनी तरी या पुस्तकाचे काय करावे? मिर्झा हबीब इस्फहानी याने त्याचे फारसी भाषांतर असे काही झोकदार केले की, १९०५ मध्ये कलकत्त्यास ते छापले गेल्यावर इराणी गद्याचा एक उत्तम नमुना म्हणून त्याची गणना होऊ लागली, आणि आपल्याच दरबाराचे वाभाडे काढावयास लोकांना ते उपयोगी पडले. परक्याने केलेली नक्कल घरच्या माणसाने अशी उचलली.

जे पूर्वेस आलेच नाहीत त्यांच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सर वॉल्टर स्कॉट याने १८२७ साली हैदरअलीच्या राज्यात घडणारी एक कथा रचली. हिंदुस्थानची माहिती त्याने तिकडे नोकरी करून परतलेल्या एका शेजाऱ्याकडून गोळा केली होती, आणि कथेचा शेवट खलपुरुषाला हत्तीच्या पायाखाली देऊन केला. शेजाऱ्याने हत्ती सांगितला असणार, कथाकाराने पाय उचलला.

आपल्या प्रांताशी खरा संबंध येतो तो १८२६ सालापासून. त्या एकाच वर्षी लंडनमध्ये दोन पुस्तके तीनतीन खंडांत बाहेर पडली. एक ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास, आणि दुसरे ‘पांडुरंग हरी, अथवा एका हिंदूचे आत्मवृत्त’. पहिल्याचा कर्ता साताऱ्यास छत्रपतींच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी होता आणि त्याने दफ्तरे, बखरी, कैफियती जमवून आपला ग्रंथ सिद्ध केला. दुसऱ्याच्या कर्त्याने नाव घातले नव्हते; प्रस्तावनेत त्याने सांगितले ते इतकेच की, हे हस्तलिखित एका हिंदूकडून मला मिळाले. हा अनामिक म्हणजे विल्यम ब्राउन हॉक्ली, मुंबई इलाख्यातील कंपनीचा मुलकी नोकर. पेशवाई बुडाल्यानंतरचा काळ त्याने जवळून पाहिला होता, आणि ज्याचा ना कुळाचा पत्ता ना मुळाचा, असा एक पोर छावण्या, पेंढारी, सावकार, गोसावी, अंमलदार यांच्या गर्दीतून कसा टक्केटोणपे खात जातो, हे त्याने त्याच पोराच्या तोंडून वदविले. शिंदे-होळकरांच्या तळांवरील बाजारबुणग्यांची धांदल, अंमलदाराच्या दारातील नजराण्याची घासाघीस, रात्रीच्या मुक्कामावरील चोऱ्या ही वर्णने आजही ताजी वाटतात.

पण प्रस्तावना वाचावी आणि हात आखडावा, अशी गत आहे. तेथे हा गृहस्थ राजापासून रयतेपर्यंत सर्व हिंदूंना कृतघ्न, कपटी, भित्रे व दीर्घद्वेषी ठरवून मोकळा होतो. एका राममोहन रॉय यांना तेवढी सूट देतो. ज्याच्या तोंडून तीन खंड बोलवावयाचे त्या साक्षीदाराची पत आधीच बुडवून ठेवावयाची, अशी ही तऱ्हा. आणि हे लिहिणारा स्वतः लाचलुचपतीच्या आरोपामुळे कंपनीच्या नोकरीस मुकलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या कादंबरीतील नजराण्यांची वर्णने इतकी जिवंत का उतरली, याचाही थोडासा उलगडा होतो. १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या प्रस्तावनेसह हे पुस्तक पुन्हा छापले गेले. लाटसाहेबाचा शेरा पडला म्हणजे कादंबरीचाही दस्तऐवज होतो.

मात्र या कुळीतील खरा मनस्वी पुरुष फिलिप मेडोज टेलर. १८०८ साली लिव्हरपूलमध्ये जन्मलेला हा मुलगा वयाच्या पंधराव्या वर्षी एका व्यापारी पेढीवर उमेदवारी करण्यासाठी मुंबईच्या बंदरात उतरला; पेढी डबघाईस आलेली आढळली, आणि मग वशिल्याने त्याची वर्णी निजामाच्या फौजेत लागली. म्हणजे तो कंपनीच्या थेट नोकरीत नव्हता, आणि त्यामुळे बढत्यांच्या बाबतीत त्याची जन्मभर उपेक्षा झाली. फारसी, हिंदुस्थानी, मराठी त्याने नोकरी टिकविण्यापुरत्याच शिकल्या असे नव्हे. त्या भाषांत तो वावरला. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांची कन्या. हे पामर पुणे दरबारी रेसिडेंट असलेल्या जनरल पामर यांना फैजबक्ष बेगम या मोगल स्त्रीपासून झालेले पुत्र. तेव्हा टेलरसाहेबाच्या घरात पूर्व ही पुस्तकात वाचावयाची चीज नव्हती, ती पंक्तीला बसत होती.

निजामाच्या मुलखात पोलिसाच्या कामावर असताना रस्त्याच्या कडेला पुरलेल्या प्रेतांचा सुगावा त्याला लागला होता; पण तपास मुळाशी जाण्यापूर्वीच त्याला पलटणीत परत बोलाविले, आणि ठगांचा शोध लावल्याचे श्रेय उत्तरेत स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याने घेतले. ही हळहळ टेलरने अखेरपर्यंत बाळगली. पुढे माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या घेण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि त्यातून ‘ठगाचा कबुलीजबाब’ ही कादंबरी १८३९ साली अवतरली. तिची कीर्ती एवढी झाली की, राणी व्हिक्टोरियाला पुस्तक छापून होईतो धीर निघेना आणि कच्चे फर्मे निघतील तसे तिच्याकडे जाऊ लागले, असे टेलर आपल्या आत्मचरित्रात नमूद करतो.

या कादंबरीची बैठक जरा जवळून पाहण्याजोगी आहे. अमीरअली हा कैदी बोलतो आहे आणि समोर एक साहेब ऐकतो आहे. साहेबाला नाव नाही, चेहरा नाही. मधूनच तो एखादा प्रश्न टाकतो, एखाद्या वेळी शहारतो, आणि पुन्हा गप्प होतो. अमीरअली अंगाने नेटका, बोलण्यात आर्जवी, नमाज न चुकविणारा, आणि ७१९ खुनांचा हिशेब देणारा. मध्ये बारा वर्षे कैदेत गेली नसती तर हजार पुरे झाले असते, अशी त्याला खंत. त्याच्या आईबापांना ठगांनीच मारले आणि त्याच टोळीच्या जमादाराने त्याला पोटच्या पोरासारखे वाढविले, हे त्याला ठाऊक नाही. आणि पुढे मुशाफरांच्या एका टोळीत तो जिचा गळा आवळतो ती आपलीच बहीण होती, हे तिच्या गळ्यातील खुणेवरून त्याला फार उशिरा कळते. रात्रीचा मुक्काम, पेटलेली चूल, गाण्याची बैठक, प्रत्येक वाटसरूच्या मागे आपापली जागा धरून बसलेला एकेक माणूस, हातात सहज खेळविलेला रुमाल. आणि मग जमादाराच्या तोंडून अगदी घरगुती आवाजात निघालेला हुकूम, तंबाखू आणा. एवढ्या दोन शब्दांवर सगळा तळ ठार होतो. नंतर कुदळीची पूजा आणि भवानीच्या नावाने गुळाचा प्रसाद. त्या गुळाची ढेप पाहून ज्याच्या अंगावर काटा येणार नाही असा वाचक विरळा.

आता या जबानीची गोम अशी की, ती माफीच्या साक्षीदाराची आहे. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या जिभेवर लटकलेला असतो. सांगण्याजोगे काही उरले नाही की त्याची गरज संपली. बगदादच्या कथांतील वजीरकन्या रोज एक गोष्ट सांगून फाशी एका रात्रीने लांबवी. अमीरअलीची स्थिती याहून निराळी नाही, फक्त सुलतानाच्या जागी साहेब आला आणि शय्यागृहाच्या जागी तुरुंगाची कोठडी. गालाँपासून वाहत आलेला प्रवाह आणि कचेरीतला कागद येथे एकाच पात्रात मिळतात. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा ठरला होता. अशा वेळी टोळी किती मोठी, धर्म किती गूढ, भाषा किती गुप्त, हे जितके भरघोस सांगावे तितके विचारणाऱ्याला हवेच होते. स्लीमनने त्यांच्या सांकेतिक शब्दांचा अख्खा कोश छापला. रस्त्यावर वाटसरू मारले जात होते यात शंका नाही, प्रेते खोटी नव्हती. पण देशभर पसरलेला एक रक्तपिपासू पंथ म्हणून त्यांची जी मूर्ती उभी राहिली, तिच्या घडणीत प्रश्नाचा वाटा किती आणि उत्तराचा किती, याविषयी अलीकडचे इतिहासकार साशंक आहेत, ते उगाच नव्हे. टेलरचा मोठेपणा मला यात दिसतो की, त्याने ऐकणाऱ्या साहेबालाही कोठडीत बसविले. त्याला अमीरअलीचा तिटकारा येतो आणि तरी उठवत नाही; पुढे काय झाले, हे तो विचारतच राहतो. सभ्य इंग्रजाची ही हाव दाखविण्याचा टेलरचा मानस होता की नव्हता कोण जाणे, पण ती पानोपानी दिसते.

पुढे सुरपूरच्या अल्पवयीन राजाचा कारभार त्याने दहाएक वर्षे पाहिला, आणि १८५३ साली निजामाने कंपनीकडे लावून दिलेल्या मुलखापैकी नळदुर्गाचा जिल्हा त्याच्या हवाली झाला. नळदुर्ग ज्याने पावसाळ्यात पाहिला आहे, बोरी नदीचा बंधारा भरून नर-मादीच्या दोन धारा पाणी महालाच्या अंगावरून कोसळताना ज्याने ऐकल्या आहेत, त्याला टेलरच्या ‘तारा’ या मराठ्यांच्या कथेतील पाण्याची व दगडाची वर्णने कोठून आली हे निराळे सांगावयास नको. तेथून तुळजापूर म्हणजे घोड्यावरून एका मजलेची वाट. १८६३ साली छापलेल्या या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा कन्या. ती देवीच्या सेवेस वाहून घेते, अफझलखानाचा पुत्र फाजल याच्यावर तिचे मन जडते, आणि अखेरीस चितेवरून सोडविली जाऊन ती त्याचीच होते. मध्ये प्रतापगडाखालची भेट आहेच. टेलरला १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शतकाशतकाच्या अंतराने तीन कादंबऱ्यांची माळ ओवावयाची होती. म्हणून १६५९ च्या नोव्हेंबरात घडलेला अफझलखानाचा वध त्याने दोन वर्षे मागे ओढला. जमाबंदीच्या कारकुनाने बाकी जुळविण्यासाठी आकडा सरकवावा, तसा. तशीच त्याने भवानीच्या देवळात मुरळी नेऊन बसविली. मराठी माणसाच्या मनात मुरळी म्हटली की जेजुरीचा भंडारा उधळतो, तुळजापुरास परडी घेऊन आराधी उभे असतात.

असे असूनही ‘तारा’ची मला थट्टा करवत नाही. देवळाच्या पायऱ्यांवरची सकाळ, पुजाऱ्यांच्या घरांतील हेवेदावे, विजापूरच्या हवेलीतील आदबशीर बोलणे हे लिहिणाऱ्याने केवळ पाहिले नव्हते, त्याला ते आवडले होते. आणि खानाच्या कुळाला इतक्या मायेने रंगविण्याची छाती त्या काळी दुसऱ्या कोणाची झाली नाही. शिवाजी मात्र त्याच्या हाती नीट लागला नाही. तेथे ग्रँट डफचा ग्रंथ मध्ये उभा राहतो, आणि त्या ग्रंथाची झडती पुण्यात १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने घेतली, तोपर्यंत टेलर दक्षिण सोडून गेलेला होता. १८७६ साली फ्रान्समध्ये तो वारला.

‘तारा’नंतर आठच वर्षांनी, १८७१ साली, गुंजीकरांचे ‘मोचनगड’ निघाले आणि मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. पण मला अधिक नवल वाटते ते १८९० सालाचे. त्या वर्षी हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ काढले, आणि आपल्या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीसाठी, ‘म्हैसूरचा वाघ’ हिच्यासाठी, आधार घेतला तो मेडोज टेलरच्या टिपूवरील कादंबरीचा. मराठी वाचकाला आपल्या पलीकडच्या मुलखाची हकिकत पुन्हा एकदा लंडनच्या वळशानेच मिळाली. आणि त्याच ‘करमणूक’मध्ये, त्याच सुमारास, त्याच लेखणीने दुसरी एक कथा आठवड्यागणिक सांगितली जात होती: एका ब्राह्मण विधवेची, तिच्याच तोंडून. यमूला सोडविण्यास कोणी फाजल आला नाही. घरच्यांनी तिला धरून न्हाव्यापुढे बसविले. तिच्या कहाणीत मुनशी नाही, दुभाषा नाही, खाली टिपा नाहीत, शेवटी शब्दकोशही नाही, कारण सोवळे, माजघर, वपन यांचा अर्थ त्या वाचकाला समजावून देण्याची गरज नव्हती. हरिभाऊंनी तिला नाव दिले ‘पण लक्षांत कोण घेतो?’, आणि तो प्रश्न कोणाला उद्देशून आहे हे सदाशिव पेठेत अंक उघडून बसलेल्या गृहस्थाला कोणाला विचारावे लागले नाही.